उचलता येणारी फळी

पूर्णा नदीवर येलदरीचं धरण १९६८ साली पुरं झालं आणि जिंतूर तालुक्यातल्या कितीतरी वाटा पाण्याखाली गेल्या. जिथून लोक बैलगाडी घालून नदी ओलांडायचे, तिथं आता पलीकडचा काठ धुरकट दिसावा एवढं पाणी उभं राहिलं. रान इकडं आणि सोयरे तिकडं, अशी गत झालेल्या एका काठच्या गावात एका भोयानं नाव बांधून घेतली. फळ्या सागाच्या, बरगड्या बाभळीच्या. बाभळीच्या फांद्या मुळातच वाकड्या वाढतात, त्यामुळे नावेला लागणारा बाक तिच्यात आयता मिळतो. वारा धरला की मांजरपाटाचं शीड चढायचं, वारा पडला की वल्ही हातात यायची. गाव सुगीला ज्वारी घालायचं, परगावचा माणूस रोख पैसे द्यायचा. भोयाला सगळे आबा म्हणत.

नावेच्या पोटात, बरगड्यांवर, आडव्या फळ्या अंथरलेल्या होत्या. माणसं त्यांच्यावर उभी राहायची, शेळ्या उभ्या राहायच्या, कापसाची गाठोडी पडायची, सायकली आडव्या व्हायच्या. या फळ्यांखाली वीतभर पोकळी होती, आणि नावेचं सगळं आयुष्य त्या पोकळीवर असतं. लाकडी नावेत पाणी शिरायचंच. काही सांध्यांतून झिरपतं, काही ओल्या पायांबरोबर येतं, पावसाचं वरून पडतं. ते पोकळीत उतरतं, प्रत्येक बरगडीच्या बुडाशी ठेवलेल्या बोटभर खाचेतून पुढं सरकतं आणि नावेच्या सगळ्यांत खोल जागी गोळा होतं. तिथून ते उपसायचं. आबा रोज दिवेलागणीला फळ्या उचलून काठाला टेकवून ठेवायचे, डब्यानं पाणी बाहेर टाकायचे आणि मग बोट घालून एकेक खाच मोकळी करायचे. काळ्या रानाचा चिखल खाचेत एकदा वाळला की पाणी जागच्या जागी अडतं. फळ्या रात्रभर वाऱ्यावर राहायच्या, पहाटे पुन्हा आपापल्या जागी जायच्या. तासभराचं काम. आबांनी ते कुणाला मुद्दाम शिकवलं नाही. सगळे रोज बघतच होते.

आबा गेले आणि नाव थोरल्याकडं आली. धाकटा तोवर पुण्याकडं भोसरीत कारखान्यात लागला होता.

थोरल्यानं फळ्या उचलणं सोडलं. आळशी म्हणून नव्हे. आबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना औरंगाबादेला न्यावं लागलं, तेव्हा थोरल्यानं जिंतूरच्या एका सावकाराकडून पैसे उचलले होते. व्याज शेकडा पाच, तेही महिन्याला. धाकट्याची नोकरी नवी, बायकोच्या मागं पोरं, म्हणून दोघांनाही त्यानं सांगितलं नाही. एकटाच फेडीन, असं मनाशी ठरवलं. मग पहाटेची एक फेरी वाढली, अंधार पडल्यावरची एक वाढली. फळ्या उचलण्यात जाणाऱ्या तासात आणखी एक फेरी बसत होती. पहिल्या पावसाळ्यात फळ्या खडखडू लागल्या, एका शेळीचा पाय फटीत अडकला, लोक कुरकुरले. त्यानं जिंतूरहून खिळे आणले आणि सगळ्या फळ्या बरगड्यांवर ठोकून टाकल्या. लोक म्हणाले, बरं झालं, आता नाव कशी नव्यासारखी घट्ट वाटते. खरंच वाटत होती. मला या गोष्टीतला सगळ्यांत भीतीदायक दिवस हाच वाटतो, कारण त्या दिवशी नावेतल्या एकाही माणसाची काही तक्रार नव्हती.

दोन वर्षांनी नावेला वास यायला लागला. ती पाण्यात थोडी खोल बसू लागली. भर वाऱ्यातसुद्धा शीड तिला पूर्वीसारखं ओढेना. फळ्यांची टोकं काळी पडली. आणि १९९३ च्या हिवाळ्यात, गवताचा भारा घेऊन चढलेल्या एका मावशीच्या पायाखाली फळी मोडली. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, नडगी सोलून निघाली.

"काही नाही मावशी, काही नाही," थोरला म्हणाला. "फळी जुनी झालती."

त्यानं भोकावर पोतं टाकलं आणि फेरी पुरी केली.

संक्रांतीला धाकटा गावी आला. नावेत उतरताच त्यानं नाक धरलं. पण तोडगा त्याच्याकडं तयार होता. परभणीहून प्लायवूडच्या शीटा आणायच्या, जुन्या फळ्यांवरच ठोकायच्या, वरून रेक्झिन अंथरायचं. दोन दिवसांत नाव चकचकीत. थोरल्यानं इतक्या लगेच होकार दिला की धाकट्यालाही नवल वाटलं. प्लायवूड नावेच्या बाकात कापून बसवायला तेवढं सुतारमामांना बोलवायचं ठरलं.

सुतारमामा तरुणपणी मुंबईत माझगावकडं होते. लाँचा आणि मचवे दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. एका डोळ्यानं आता कमी दिसायचं. ते नावेत उतरले, मापाची टेप खिशातून काढलीच नाही. गुडघ्यावर बसून त्यांनी पटाशीचं टोक एका फळीच्या मध्यावर दाबलं. शिरलं नाही. मग तीच पटाशी फळीच्या टोकाशी धरली, तर जोर न लावताच ती आत गेली.

"मधी साग हाय, टोकाला भाकरीचा चुरा," मामा म्हणाले. "खालचं बघितल्याबिगर मी वर काय बी टाकणार नाय."

"मामा, शिवरात्र तोंडावर आलीय," थोरला म्हणाला. "औंढ्याला जाणारी माणसं इथूनच उतरतात. वर्षाची कमाई त्या चार दिवसांत असती."

"म्हणूनच म्हणायलोय."

"खालचं कोण बघतंय, मामा?"

मामांना राग आला तो या वाक्याचा. त्यांनी पटाशी गुंडाळून पिशवीत टाकली आणि ते काठाकडं चालू लागले. धाकट्यानं मागं धावत जाऊन त्यांना थांबवलं, पाया पडून परत आणलं. पण परत आले ते आपली अट घेऊनच.

खिळे गंजले होते. डोकी तुटून यायची आणि खिळा लाकडातच राहायचा. पहार घालून फळ्या उकलाव्या लागल्या, चार-दोन उभ्या चिरल्या. खाली जे होतं ते बघायला गावची पोरंसुद्धा जमली. काळं, साकळलेलं पाणी. चिखलात मोड येऊन कुजलेली ज्वारी, एक जोडवं, पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा. बरगड्यांच्या सगळ्या खाचा चिखलानं बुजलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक दोन बरगड्यांमध्ये एक वेगळं डबकं तयार झालं होतं. त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती आणि वरून वारा लागत नव्हता. लाकूड कुजवणारी बुरशी अशाच ठिकाणी वाढते. नुसत्या पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूड फार काळ टिकतं, कोरडं लाकूडही टिकतं. ओल आहे आणि कोंदट हवा आहे, तिथं ते मरतं. त्यातून हे गोडं पाणी. समुद्रातल्या नावांना लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची भीती असते, पण खारं पाणी या बुरशीला मानवत नाही. धरणातल्या नावेला ती सोय नाही.

तीन बरगड्या वरच्या अंगानं मऊ झाल्या होत्या. बाहेरच्या सागाच्या फळ्यांना मात्र काही झालं नव्हतं.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी पहिल्या खाचेत बोट घालून चिखलाचा गोळा काढला. पाणी सरकन पुढच्या खणात गेलं. मग दुसरी खाच, मग तिसरी.

"दादा," धाकट्यानं विचारलं, "आबा तर रोज उपसायचे. तू कवापासून सोडलंस?"

"आबा गेल्यापासून."

"कामून?"

थोरल्यानं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी विषय तिथंच राहिला. तो निघाला लाकडाच्या पैशांवरून. मामांनी हिशेब सांगितला, तेव्हा थोरला म्हणाला, घरात एवढे पैसे नाहीत. धाकटा म्हणाला, दोन सुग्यांची ज्वारी आली, रोखीच्या फेऱ्या वाढल्यात असं गाव सांगतंय, मग पैसा जातो कुठं? वैनी भाकरीची दुरडी घेऊन काठावर आली होती. तिच्याही मनात हाच प्रश्न असावा, कारण ती दुरडी खाली न ठेवता तशीच उभी राहिली. मग थोरल्यानं सांगितलं. किती उचलले, कधी उचलले, किती व्याज भरलं, किती अजून अंगावर आहे. सांगताना तो नावेकडं बघत होता, माणसांकडं नाही.

धाकट्याचा चेहरा पडला. तो काही बोलण्याआधी वैनी म्हणाली, "माझ्या पाटल्या कुलपात होत्या. आन् तुम्ही दोन वर्सं नुसतं याज भरत बसलात? एकदा इचारायचं तरी."

पाटल्या त्याच आठवड्यात बाहेर निघाल्या. त्यांचं पुढं काय झालं ते सांगतोच, आधी लाकडाचं.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली, ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर किलचा आणि त्यांच्यावर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पण कोसळलं तर खालचा माणूस वाचत नाही. त्या हिवाळ्यात दूर परभणीकडंही लोक रात्री घरात निजायला घाबरत होते. गावातल्या एका कुटुंबानं आपलं माळवद उतरवून पत्रे टाकायचं ठरवलं होतं. त्या घराच्या सागवानी तुळया अंगणात रचून पडल्या होत्या. मामांनी त्या बघायला दोघा भावांना बरोबर नेलं.

तुळया दिसायला सुरेख होत्या. धुरानं काळ्या झालेल्या, मधोमध हाडासारख्या टणक नव्हे तर त्याहून टणक, असं घरधनी अभिमानानं सांगत होता आणि ते खोटं नव्हतं. मामांनी सरळ टोकं तपासली. भिंतीत जेवढं टोक पुरलेलं होतं तेवढं वाळवीनं आणि ओलीनं संपलं होतं. घरधनी तीन पिढ्या त्या छताखाली निजला. त्याला हे कधी दिसलं नाही, कारण टोकं भिंतीच्या आत होती. तो बराच वेळ त्या टोकांकडं बघत उभा राहिला आणि मग त्यानं भाव निम्म्यावर आणला.

मामांनी दोन्ही बाजूंची टोकं करवतीनं उडवली. मधला गाभा कामाला आला. सागाच्या गाभ्यात तेल असतं, म्हणून तो पाण्याला आणि किडीला दाद देत नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडियांनी सागवानात बांधलेलं त्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. पण त्या जहाजाची दुरुस्ती करताना माणसांना त्याच्या पोटात शिरावं लागलं, सडलेलं शोधून काढावं लागलं. सागाचा गाभा कितीही पक्का असला तरी ही राबणूक त्याला चुकत नाही.

पुढचे दिवस कामाचे गेले. जुन्या फळ्यांतल्या ज्या मध्यावर धड होत्या, त्यांची कुजकी टोकं कापून मामांनी त्या नावेच्या निमुळत्या तोंडाकडं बसवल्या, कारण तिथं आखूड फळी चालते. रुंद भागासाठी नवं लाकूड. सडकी फळीसुद्धा त्यांनी फेकू दिली नाही. नव्या लाकडावर ठेवून तिच्याच कडेनं खिळ्यानं रेघ मारली. नावेत एकही कड सरळ नसते, जुन्या फळीइतकं खरं माप कुठं मिळणार? दोन फळ्यांच्या मध्ये ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट त्यांनी ठेवायला लावली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फट नसली तर फळ्या एकमेकींना रेटून वर उचलल्या जातात. मऊ झालेल्या तीन बरगड्या धड लाकूड लागेपर्यंत तासून तिथं बाभळीचे तुकडे जोडले.

जवसाचं तेल तापवून फळ्यांना पाजायचं काम धाकट्याकडं होतं. तो वरची बाजू मन लावून माखत होता. मामा ओरडले, "वरून नगं, टोकाला पाज! लाकूड तोंडानं पाणी पितं. आन् खालून बी. खालची बाजू कुणी बघत नाय, पर पाणी तिथंच बसतं." वरून रंधा त्यांनी गुळगुळीत मारू दिला नाही, ओल्या पायानं माणूस घसरतो म्हणून. प्रत्येक फळीला गिरमिटानं दोन बोटं जातील एवढं भोक पाडलं. "भोकाच्या कडा गोल कर, बायकांची जोडवी अडकत्यात," असं ते म्हणाले तेव्हा थोरल्याला चिखलात सापडलेलं जोडवं आठवलं असेल. फळ्यांच्या खालच्या अंगाला पटाशीनं रेघा कोरल्या. पहिल्या फळीला एक, दुसरीला दोन, म्हणजे अंधारातही जिची जागा तिला मिळावी.

शेवटी खिळ्यांची पिशवी थोरल्यानं पुढं केली. मामांनी ती घेतली नाही. नावेत पाणी चढलं तर फळ्या तरंगून जाऊ नयेत म्हणून कडेला लाकडी फिरक्या बसवल्या. हातानं फिरवली की फळी मोकळी.

"खडखडतील, मामा. लोक बोलतील."

"बोलू दे."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी औंढा नागनाथला जाणारी माणसं काठावर जमली. औंढा तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो पुढं १९९९ साली. माणसांत ती गवतवाली मावशीही होती. नडगीवरची खपली अजून निघायची होती. फळ्या पायाखाली थोड्या खडखडल्या तशी ती थबकली.

"आता खालचं कसं हाय रे?"

थोरला म्हणाला, "बघ की."

तिनं वाकून भोकात दोन बोटं घातली, फिरकी फिरवायची राहिली होती ती थोरल्यानं फिरवली, फळी वर आली. आत हात घालून तिनं ओल चाचपली. मग फळी तिनंच परत बसवली आणि बैठक मारली.

रब्बीला कालव्यांनी पाणी गेलं की फाल्गुनाकडं येलदरी उतरू लागते. बुडालेल्या रानातल्या बाभळींचे खुंट तेव्हा पाण्याखाली हातभर अंतरावर येतात आणि वरून दिसत नाहीत. वारा भरून आला होता, शीड ताणलेलं होतं, नाव चांगली पळत होती, तेवढ्यात बुडाला खुंट घासला. खाड्‌कन आवाज झाला. एक पोर रडायला लागलं.

थोरल्याच्या तोंडात 'काही नाही' आलंच असेल. पण तो म्हणाला, "पाणी शिरतंय. कुणी उठू नका. शीड उतरव रे!" धाकट्यानं शीड खाली घेतलं. थोरल्यानं फिरकी फिरवून एक फळी उचलली, दुसरी उचलली, तिसरीखाली सांधा उसवलेला सापडला. पाणी जोरात आत येत होतं, पण कुठून ते डोळ्यांना दिसत होतं. मावशीनं गाठोड्यातलं जुनं लुगडं फाडून दिलं. कापसाचं कापड आणि चरबी सांध्यात ठासून थोरल्यानं वरून टाच दाबून धरली. औंढ्याला अभिषेकासाठी नेलेले तांबे माणसांच्या हातात होतेच. खाचा मोकळ्या असल्यामुळे सगळं पाणी एका जागी धावून येत होतं आणि तिथं चार तांबे एकसारखे चालत होते. अर्धी वाट वल्ह्यांवर काढून नाव पलीकडं लागली. उतरताना एका म्हाताऱ्यानं दोन्ही भाड्यांचे पैसे दिले, जायचे आणि परत यायचेही.

शिवरात्र उलटल्यावर मामांची मजुरी अर्धी रोख दिली, उरलेली सुगीच्या ज्वारीत द्यायची ठरली. धाकट्यानं रजा चार दिवस वाढवली. मग थोरला, धाकटा आणि वैनी असे तिघं एसटीनं जिंतूरला गेले. पाटल्या सराफाकडं मोडल्या, पैसे वैनीच्या कनवटीला होते.

सावकारानं तिघांना एकदम बघून कपाळाला आठ्या घातल्या. "घरच्यांना कशाला आणलंस? हा तुझा माझा व्यवहार."

"हिशेब त्यांचा बी हाय," थोरला म्हणाला.

सावकारानं कपाटातून लाल वही काढली, मांडीवर घेतली आणि स्वतःकडंच धरून आकडे वाचायला लागला. मुद्दल एवढं, व्याज एवढं, मागचं थकलेलं एवढं. थोरला सवयीनं मान हलवत होता.

वैनी पदर सावरून पुढं सरकली. "वही हिकडं फिरवा," ती म्हणाली. "धाकट्या भावजींना वाचता येतं. पहिल्या पानापासनं वाचू."